महिला कैद्यांसाठी कला-कार्यशाळा घेताय? या चुका टाळा

इंदूरमधली महिला मंडळं, चित्रकलेचे क्लास घेणारे, हौशी नाटकवाले यांच्यापैकी कुणी ना कुणी जेलच्या महिला वॉर्डात कार्यशाळा घ्यायचं मनावर घेतं. राखी, दिवाळी, आठ मार्च ही ठरलेली निमित्तं. हेतू चांगला असतो, आतल्या बायकाही मनापासून भाग घेतात. तरी अनेकदा त्यांच्या हाती फारसं काही उरत नाही, कारण सगळी आखणी आपल्या सोयीने झालेली असते. त्या बाईची आजची रात्र कशी जाणार, तिची पुढची पेशी, म्हणजे कोर्टातली तारीख, कधी आहे, याचा विचारच झालेला नसतो. माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

"इथे कशी आलीस?" हे विचारू नका

आडून आडूनही नको. "आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक चितारा" असा विषय देणं म्हणजे तेच विचारणं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या. एकूण कैद्यांपैकी चारांतले तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही. अशा बाईने कागदावर लिहिलेलं किंवा गटात बोललेलं फिरत फिरत तिच्या केसमध्ये कुठे पोचेल, हे आपल्या हातात नसतं. ते गुपित राहील असा शब्द आपण देऊ शकत नाही, म्हणून देऊही नये. पहिल्याच दिवशी सांगून टाका की केसबद्दल इथे कुणी बोलायचं नाही आणि आम्हीही विचारणार नाही. हे ऐकल्यावर बायका खरोखर मोकळ्या होतात.

तरी एखादी सांगायला लागलीच, तर तिला झिडकारू नका. हे वकिलाशी बोलायचं आहे, एवढं हळूच सांगा. वकील नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कसा करायचा, हे कार्यशाळा घेणाऱ्याला रंगांच्या डब्याइतकंच माहीत असायला हवं.

दुःख उकरून काढायचं आणि निघून जायचं

सगळ्यात जास्त नुकसान मला इथे होताना दिसतं. "मनातलं सगळं कागदावर उतरवा, हलकं वाटेल" असं आपण सहज म्हणतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा या विषयावरचा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या आयुष्यातल्या धक्क्यांबद्दल लिहीत होते. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यातल्या अनेकांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना हलकं नाही, उलट जास्त वाईट वाटलं होतं. ते विद्यार्थी उठून मित्राकडे जाऊ शकत होते, आईला फोन लावू शकत होते. जेलमध्ये संध्याकाळी गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी होते, बराकीला कुलूप लागतं, आणि दुपारी वर आलेलं सगळं घेऊन ती बाई सकाळपर्यंत तिथेच असते.

म्हणून थेट "तुझी गोष्ट सांग" नको. मधे काहीतरी आडोसा ठेवा: मुखवटा, चिंधीची बाहुली, कुणा दुसऱ्याच बाईची मनाने रचलेली कथा, माती. माती मला सर्वांत आवडते, कारण तिला हत्यार लागत नाही आणि बिघडली तर पुन्हा गोळा करता येतो. एका बाईने मातीची चूल केली. पुढे तीन भाकऱ्या थापून ठेवल्या, थोडं थांबली, मग एका भाकरीतून चिमूटभर माती काढून चौथी केली, अगदी लहान. ती चुलीबद्दलच बोलत राहिली. कुठलं लाकूड धूर करतं, तवा कधी उतरवायचा. चौथी भाकरी कुणाची, असं कुणी विचारलं नाही. विचारायचंही नसतं. पुढच्या आठवड्यात तिने आपणहून सांगितलं.

शेवटचा अर्धा तास कुठलाही जड विषय ठेवू नका. गाणं म्हणा, रंग धुवा, माती झाकून ठेवा. कुणाला रडू कोसळलं तर पाणी द्या, शेजारी बसा, पण न विचारता मिठी मारू नका आणि सगळ्या गटाला तिच्याभोवती गोळा करू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचं कुणी बोललं, तर ते मनात ठेवायचं नाही. "हे मला सांगावं लागेल" असं तिला सांगून त्याच दिवशी महिला प्रहरी, म्हणजे पहारेकरी, आणि जेलच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

आपली चित्रकला तिच्यावर लादणं

चित्रकार देवळालीकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या चित्रशाळेचं इंदूर हे गाव. बेंद्रे, हुसेन हे चित्रकार इथेच घडले. त्यामुळे चित्र म्हटलं की आपण रेघ आणि प्रमाण बघतो. जेलमध्ये ते बाजूला ठेवा. समोर बसलेल्या कित्येकींनी कधी पेन्सिल धरलेली नसते, पण पितृपक्षात शेणाची संजा भिंतीवर घालून त्यावर फुलं चिकटवणं त्यांना लहानपणापासून येतं. गेरू आणि पांढऱ्या खडीने मांडणा, म्हणजे जमिनीवरची-भिंतीवरची नक्षी, काढता येतो. झाबुआकडच्या भिल चित्रकार भूरीबाई आधी भोपाळमध्ये भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजूर होत्या. चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी त्यांना काय येतं ते काढायला सांगितलं, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा आधी विचारा, "तुमच्याकडे भिंतीवर काय काढतात?" बोलणं मालवी, निमाडी, भिली कशातही होऊ द्या. सूचना लेखी देऊ नका. स्पर्धा आणि पहिला नंबर तर नकोच. दिवसभर कुणीतरी निवाडा देणार याच धास्तीत त्या आधीच असतात.

सुई, काच, दोरा

साहित्याची यादी अधीक्षकांकडून आधी लेखी मंजूर करून घ्या. आरसेकामाची काच, ब्लेडचा शार्पनर, तार, थिनर, उग्र वासाचा गोंद टाळा. सुया लागणारच असतील तर लाल कापडावर ओळीने टोचून आणा, वाटताना मोठ्याने मोजा, घेताना पुन्हा मोजा. एक सुई कमी भरली तर झडती त्या बायकांची होते, आपली नव्हे.

उपस्थितीचा हिशेब धरू नका. कुणाची पेशी निघते, कुणाला जामीन मिळतो. दहा आठवड्यांचं नाटक बसवलं आणि सहाव्या आठवड्यात नायिका सुटली, तर त्याचा आनंदच व्हायला हवा, पण मग नाटक कोलमडतं. प्रत्येक बैठक स्वतंत्र ठेवा, जे सुरू केलं ते त्याच दिवशी पुरं होऊ द्या. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत राहू शकतात. त्यांच्यासाठी वेगळी चटई आणि जाड खडू न्या, नाहीतर आईचे हात मोकळे होत नाहीत.

फोटो, प्रदर्शन, पैसा

अधिकारी समोर उभे असताना "फोटो चालेल ना?" विचारलं तर ती हो म्हणणारच. ही संमती नव्हे. माहेरी कुणाला तिचा पत्ता लागू नये असं तिला वाटत असेल, खटल्यात समोरची बाजू तो फोटो बघत असेल. चेहरा, नाव, गाव काहीच नको. चित्र तिचं आहे, ते बाहेर न्यायचं का, विकायचं का, हे तिने ठरवायचं. एका आठवड्यानंतर पुन्हा विचारा, नाही म्हणायची मुभा द्या. विक्री झालीच तर पैसे तिच्या खात्यात कसे जमा होणार, हे आधी अधीक्षकांशी बोलून ठरवा.

आणि सुटकेनंतरचं काम पहिल्या दिवसापासून धरा. इंग्लंडमध्ये आस्कम ग्रेंज तुरुंगातल्या दोन बायकांनी, जॅकलिन हॉलबरो आणि जेनी हिक्स यांनी, १९७९ मध्ये क्लीन ब्रेक ही नाटक कंपनी काढली, ती आजही चालू आहे. एवढं मोठं आपल्याला जमेलच असं नाही. पण सुटून आलेल्या बाईला शनिवारी दुपारी कुठे येता येईल, ती खोली कुणाची, बसभाडं कोण देणार, ओळखपत्र आणि बँकेचं खातं यासाठी तिच्याबरोबर कोण जाणार, हे ठरवता येतं. ज्या मंडळाला एवढं ठरवता आलेलं नाही, त्याने दिवाळीचा कार्यक्रम पुढे ढकलून आधी ती खोली शोधावी.