उंदीर जगला, पुढे काय?

मेंदू आणि चेतासंस्थेच्या आजारांवर पीएचडी करताना, तिसऱ्या वर्षी मला एक औषध 'सापडलं' होतं. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. या आजाराशी संबंधित एसओडी-१ हे माणसाचं सदोष जनुक घातलेल्या उंदरांवर माझं काम चालायचं. हे उंदीर ठरावीक वयात मागचे पाय ओढायला लागतात आणि साधारण साडेचार महिन्यांचे होईतो संपतात. माझं औषध घेतलेले उंदीर मात्र जवळपास दोन आठवडे जास्त जगले. तो आलेख मी फोनवर वॉलपेपर म्हणून लावला होता. हसू नका, आमच्यात असे बरेच सापडतील.

माझ्या गाईड मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "जनुकाच्या प्रती मोजल्यास का?"

मोजल्या नव्हत्या. या उंदरांत सदोष जनुकाच्या वीस-पंचवीस प्रती असतात. प्रजनन करताना कधीकधी त्यातल्या काही गळून जातात, आणि प्रती कमी झाल्या की आजार सौम्य होतो. माझे दीर्घायुषी उंदीर बहुतेक एकाच विणीतली भावंडं निघाली, सगळ्यांच्या प्रती कमी. मी सोयीसाठी पिंजराच्या पिंजरा औषधाच्या गटात टाकला होता. त्यात भर म्हणजे कुठल्या उंदराला औषध दिलंय हे माहीत असताना त्याची चाल मीच तपासत होते. भावंडं दोन्ही गटांत वाटून, गट लपवून, प्रयोग पुन्हा केला. फरक नाहीसा झाला. दीड वर्षं गेलं.

पुढे कळलं की मी एकटी नव्हते. २००८ मध्ये एका संशोधनगटाने याच उंदरांवर ७०हून जास्त औषधं काटेकोर पद्धतीने तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्य वाढवणारं एकही निघालं नाही, आणि त्यातली काही आधी 'यशस्वी' म्हणून छापून आलेली होती. मिनोसायक्लिन हे जुनं प्रतिजैविक उंदरांत छान चाललं होतं. २००७ मध्ये ४१२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले तेव्हा ते घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा लवकर खालावलेली दिसली. आमच्या चुकीची किंमत शेवटी कोण मोजतं, ते मला तो पेपर वाचताना समजलं.

म्हणून अशा आजारांच्या संशोधनात यायचं म्हणणाऱ्यांना मी आधी संख्याशास्त्र शिकायला सांगते, मेंदूची रचना नंतर. आमच्याकडे जीवशास्त्रातून आलेले असतात, तसेच डॉक्टर, फार्मसी, भौतिकशास्त्र, संगणकवाले आणि मानसशास्त्रवालेही. मूळ पदवी कुठली याने फारसं अडत नाही. पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा नीट येऊ द्या. पेशीसंवर्धन, मेंदूचे पातळ काप काढणं, सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं मोजणं हे लॅबमध्ये हात चालवूनच येतं. पीएचडीला चार ते सहा वर्षं, मग एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या, आणि त्यानंतरही प्राध्यापकाची जागा मिळेलच असं नाही. औषधकंपन्या, क्लिनिकल ट्रायल, डेटा विश्लेषण, विज्ञानलेखन इकडे गेलेले माझे मित्र सुखात आहेत. त्यांना 'संशोधन सोडलेले' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

आजार कुठला निवडायचा, हा प्रश्न हमखास येतो. कारण माहीत असलेला आजार सोपा वाटतो, आणि कधीकधी तो खरंच सोपा असतो. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात बाळांचं एसएमएन-१ जनुक निकामी असतं. त्याचं जवळजवळ हुबेहूब भावंड, एसएमएन-२, शरीरात असतं, पण त्याच्या संदेशातला एक तुकडा बहुतेक वेळा गाळला जातो. तो गाळला जाऊ नये म्हणून पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचायचा छोटा आरएनएसारखा रेणू तयार झाला. नुसिनर्सेन या नावाने त्याला डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हंटिंग्टनच्या, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू मारणाऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक तर १९९३ मध्येच सापडलं होतं. तिथेही तशाच तंत्राचं औषध, टॉमिनर्सेन, मोठ्या चाचणीपर्यंत पोचलं आणि २०२१ मध्ये त्याचे डोस थांबवावे लागले. कारण ठाऊक असलं तरी औषध योग्य पेशीत, योग्य प्रमाणात, योग्य वयात पोचावं लागतं. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा बहुतेक रेणूंना आत सोडतच नाही.

कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पुतळ्यासारखे ताठरले. विल्यम लँग्स्टन या न्यूरॉलॉजिस्टने छडा लावला. घरगुती पद्धतीने बनवलेल्या नशेच्या पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ तयार झाली होती, आणि ती नेमक्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मारत होती. ते विष देऊन माकडांमध्ये कंपवातासारखी अवस्था निर्माण करून अभ्यासता आली. त्यावरून मेंदूतल्या चेतापेशींच्या कुठल्या पुंजक्याचं काम बेताल होतं ते कळलं, आणि आज तिथेच इलेक्ट्रोड बसवून रुग्णांचा ताठरपणा आणि थरथर कमी करतात. दवाखान्यात एकाने नीट पाहिलं नसतं तर या साखळीची पहिली कडीच पडली नसती. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी न्यूरॉलॉजी ओपीडीत मागच्या खुर्चीवर बसायला पाठवते. पेशी रंगवणारा मुलगा शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं झगडणारा माणूस पाहून येतो आणि प्रश्न बदलून विचारतो.

पेपर वाचताना आकड्यांना मोजपट्टीसकट वाचा. अल्झायमरवरच्या लेकॅनेमॅब या औषधाने ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला, अशी बातमी आली. चाचणीत १,७९५ लोक होते. १८ महिन्यांनंतर दोन गटांत ०.४५ गुणांचा फरक दिसला, तो १८ गुणांच्या मोजपट्टीवर. फरक खरा आहे, पण रुग्णाच्या घरच्यांना तो जाणवेल का, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. शिवाय काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो, त्यासाठी वरचेवर एमआरआय करावा लागतो. पहिल्यांदा मी फक्त २७ वाचलं होतं, खोटं कशाला बोलू?

रोजचा दिवस अगदी साधा असतो. रविवारी पेशींना खाद्य द्यायला जायचं, सोमवारी बुरशी दिसली की सगळ्या प्लेट टाकून द्यायच्या. अर्ज नाकारले जातात, पेपर परत येतात. ज्यांना दर महिन्याला शाबासकी लागते त्यांना हे जड जातं, आणि त्यात कमीपणा काही नाही. प्राण्यांवर काम करणं जमणार नाही असं वाटलं तर आधीच सांगा. रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी बनवणाऱ्या किंवा मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या लॅबही आहेत.

लॅब निवडताना भिंतीवरची बक्षिसं पाहू नका. तिथल्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचारा, शेवटचा प्रयोग कोणाचा फसला, आणि गाईड काय म्हणाले. कोणालाच असा प्रयोग आठवला नाही तर मी दुसरी लॅब बघेन.