लॉफ्ट बेडची खालची बाजू झाका, पण गादीची हवा बंद करू नका

लॉफ्ट बेड (खाली बसायला जागा राहील असा उंचावरचा पलंग) घरी बनवला की खाली बसून मान वर केली तर गादीखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या, स्क्रूची टोकं, गादीचं कापड सगळं दिसतं आणि मग वाटतं की सरळ एक प्लाय ठोकून टाकावा. तसं अजिबात करू नका. झोपेत अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, खाली बंद प्लाय असला की ती तिथंच अडकते आणि गादीला खालून बुरशी धरते, फोमच्या गादीला तर लवकरच.

आधी पट्ट्या बघा. दोन पट्ट्यांमध्ये ५ ते ७ सेंमी फट हवी. पट्ट्या काढून १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कडा गोल करा, दोन्ही बाजूंनी वॉटर बेस पॉलिश मारा (एकाच बाजूला मारलं तर लाकूड वाकू शकतं) आणि वास पूर्ण गेल्यावरच गादी टाका. बाहेर आलेली स्क्रूची टोकं कापून घासून घ्या, डोक्याला लागतात. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचं काम इथंच होतं, नीट पॉलिश केलेल्या पट्ट्या उघड्याच छान दिसतात.

तरी झाकायचंच असेल तर माझं मत सुती कापडाला. हलकी लाकडी फ्रेम करा, त्यावर कापड ताणून स्टेपल करा आणि फ्रेम वेल्क्रोने किंवा छोट्या क्लिपने लावा म्हणजे काढून धूळ झटकता येते, कापडही अधूनमधून धुता येतं. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे हाताला हवा लागली तर चालेल. रेक्झिन, प्लास्टिक नको. वेताची जाळीपण मस्त.

भोकं पाडलेला प्लाय लावणार असाल तर हे लक्षात घ्या, दर ५ सेंमीवर १० मिमीचं भोक पाडलं तरी मोकळी जागा जेमतेम ३ टक्के होते, दिसायला भोकंच भोकं पण हवा फारशी जात नाही. म्हणून प्लाय पट्ट्यांना चिकटवायचा नाही, मध्ये २-२.५ सेंमीच्या रिपा टाकून खाली लटकता ठेवायचा आणि चारही कडांना बोटभर फट सोडायची, खरी हवा तिथूनच खेळते. रिपा सलग न लावता तुकड्यातुकड्यात लावा, नाहीतर त्याच हवा अडवतात.

लाइट लावायचा तर एलईडी पट्टी अॅल्युमिनियम चॅनलमध्ये, बाजूच्या लाकडावर, आणि तिचा अॅडॅप्टर कापडामागे न दडवता बाहेर मोकळ्या हवेत.