राखाडी कंपोनंटचा सापळा: ग्रासहॉपरमध्ये नकाशाचा डेटा वाचताना

ग्रासहॉपरमध्ये, म्हणजे रायनो या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधल्या दृश्य प्रोग्रॅमिंगच्या साधनात, लाल झालेल्या पायथन कंपोनंटला घाबरू नका. लाल म्हणजे स्क्रिप्ट थांबली. कुठल्या ओळीवर थांबली ते ‘आउट’ला पॅनेल (मजकूर दाखवणारी चौकट) जोडलं की वाचता येतं, ओळ दुरुस्त करायची आणि पुढे जायचं. नवशिक्याचे आठवडे खातो तो राखाडी कंपोनंट. स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालते, एरर नाही, वॉर्निंग नाही, स्क्रीनवर रेषाही दिसतात आणि नकाशा चुकलेला असतो. कंपोनंट आणि वायर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, पायथनमध्ये फॉर लूप लिहिता येतो, एवढं धरून पुढचं लिहितोय.

आधी एक किरकोळ गोष्ट. तुमच्या कंपोनंटमध्ये कुठलं पायथन आहे ते बघा. रायनो ६ आणि ७ मध्ये आयर्नपायथन २.७ असतं. त्यात नमपाय, शेपली, जिओपांडाज ही आकडेमोडीची आणि नकाशाची पॅकेजेस चालत नाहीत, कारण ती सी, सी++ मध्ये लिहिलेल्या गाभ्यावर उभी आहेत. ‘इन्स्टॉल होत नाही’ म्हणून दोन दिवस घालवू नका, ते होणारच नाही. शिवाय तिथे ७ भागिले २ हे ३ येतं, साडेतीन नाही. रायनो ८ च्या नव्या स्क्रिप्ट कंपोनंटमध्ये पायथन ३ मिळतं. स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत हॅश, मग आर, कोलन आणि पॅकेजचं नाव लिहिलं की पॅकेज नेटवरून उतरतं. पहिल्यांदा वेळ लागतो, तेवढा थांबा.

आता मुख्य सापळा. जिओजेसन (नकाशाचा डेटा मजकुरात ठेवणारा फाइल-प्रकार) फाइलमधले आकडे अंशांत असतात. ७३.८५५, १८.५१९ असं काही. ते सरळ पॉइंटला दिले तर रायनो त्यांना मीटर समजतो, किंवा मिलिमीटर, जे युनिट लावलं असेल ते. सगळं पुणे शहर मग अर्ध्या मीटरपेक्षा कमी जागेत बसतं. झूम एक्स्टेंट्स केलं की ते स्क्रीनभर दिसतं, म्हणून वाटतं सगळं नीट आहे. पण टॉलरन्स आठवा, म्हणजे ज्याच्या आतले बिंदू रायनो एकच मानतो ते अंतर. मीटरच्या टेम्प्लेटमध्ये तो ०.००१ किंवा ०.०१ असतो. पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०५.६ किलोमीटर आणि अक्षांशाचा एक अंश साधारण ११०.७ किलोमीटर. म्हणजे २० मीटर लांब, १२ मीटर रुंद इमारत अंशांत मांडली की ०.०००१९ बाय ०.०००११ होते. टॉलरन्सच्या पाचव्या भागात अख्खी इमारत. रायनोच्या लेखी तिचे चारही कोपरे एकाच ठिकाणी आहेत. पॉलीलाइन बनते, पण बंद रेषेतून पृष्ठभाग बनवणाऱ्या बाउंड्री सरफेसेसला तिच्यातून काही मिळत नाही आणि क्षेत्रफळ शून्यासारखं येतं. आणि खरा घात असा की प्रभागांच्या सीमा मोठ्या असल्याने त्या व्यवस्थित येतात! काही आकार येतात, काही येत नाहीत, मग माणूस डेटाला दोष देतो आणि दुसरी फाइल शोधायला निघतो. फाइल बरोबर असते.

यावर हमखास सांगितला जाणारा शॉर्टकट म्हणजे सगळ्याला १,११,००० ने गुणा. हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. पुण्यात त्याने पूर्व-पश्चिम दिशा पाच टक्के ताणली जाते. शंभर मीटरचा रस्ता एकशे पाच मीटरचा होतो, चौरस प्लॉट आयत होतो, आणि डोळ्यांना ते दिसत नाही.

पायप्रोज (नकाशाचे आकडे एका पद्धतीतून दुसरीत बदलणारं पॅकेज) वापरता येत असेल तर यूटीएममध्ये, म्हणजे जगाचे झोन पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदल करा. ते शक्य नसेल आणि साइट तीन-चार किलोमीटरची असेल, तर हाताने लिहिलेलं सूत्र पुरतं: एक्स म्हणजे (रेखांश वजा मूळ रेखांश) गुणिले १,११,३२० गुणिले मूळ अक्षांशाचा कोसाइन, वाय म्हणजे (अक्षांश वजा मूळ अक्षांश) गुणिले १,१०,७००. यात मीटरच्या आसपासची चूक राहते. मासिंग मॉडेलला (इमारतींच्या नुसत्या ठोकळ्यांच्या मॉडेलला) चालते, जमीन मोजणीला चालत नाही.

आणि इथेच, या कोसाइनपाशी, थांबून नीट वाचा.

पायथनचं कोसाइन फंक्शन कोन रेडियनमध्ये मागतं. अंश दिले तरी ते तक्रार करत नाही, आकडा परत देतं. आता पुण्याचं उदाहरण घ्या. १८.५२ अंशांचा कोसाइन ०.९४८. चुकून १८.५२ रेडियनचा कोसाइन काढला तर येतो ०.९४६. जवळजवळ तोच! कारण ६ पाय (π) म्हणजे १८.८५, कोसाइनचं एक शिखर नेमकं पुण्याच्या अक्षांशाच्या शेजारी येतं. फरक दोन हजारांश. तो कुठल्याही मॉडेलमध्ये कुणाच्या लक्षात येणार नाही. पुण्यातल्या साइटवर स्क्रिप्ट लिहिली, तपासली, गुगलच्या नकाशाशी पडताळली, सगळं जुळलं, वर्गात वाटली. मग तीच स्क्रिप्ट कुणी मुंबईला लावतं: १९.०७ ला ०.९४५ च्या जागी ०.९७६, नकाशा तीन टक्के रुंद. तरी कळत नाही. नाशिकला लावतं: २०.०० ला ०.९४० ऐवजी ०.४०८, नकाशा अर्ध्याहून जास्त आक्रसतो, हे मात्र दिसतं. नागपूरला २१.१५ वर उणे ०.६७ येतो, म्हणजे नकाशा आक्रसतो आणि वर डावं-उजवं उलटंही होतं. सगळ्यात फसवं पणजीचं: १५.४९ ला यायला हवा ०.९६४, येतो उणे ०.९७६. आकार दीड टक्क्याच्या आत बरोबर, पण शहर आरशातलं. मांडवी नदी उत्तरेलाच राहते, कारण वाय सूत्रात कोसाइन नाही. पश्चिमेचं मिरामार मात्र पूर्वेला जातं आणि पूर्वेचं रायबंदर पश्चिमेला. शहर ओळखीचं नसेल तर त्यावर अख्खा सूर्यप्रकाशाचा अभ्यास होऊन जातो, सकाळची सावली संध्याकाळच्या बाजूला पडलेली.

म्हणून नियम: अक्षांश आधी मॅथच्या रेडियन्स फंक्शनमधून काढा, आणि कोसाइनचा आकडा प्रिंट करून पॅनेलमध्ये बघा. भारतात कुठेही तो साधारण ०.८० ते ०.९९ मध्येच असतो. शिवाय स्क्रिप्ट एका शहरावर चालली म्हणजे ती बरोबर आहे असं मानू नका. दुसऱ्या अक्षांशावरची एक फाइल कायम जवळ ठेवा.

ही चूक झाली तर स्वतःला कमी लेखू नका. ती शिकलेल्यांच्या हातूनही होते, कारण यंत्र काहीच बोलत नाही.

पडताळणीची माझी आवडती पद्धत साधी आहे: भूमिती बनवण्याआधी दोन ओळखीचे बिंदू. शनिवारवाडा १८.५१९, ७३.८५५ आणि पुणे रेल्वे स्टेशन १८.५२९, ७३.८७४. या दोघांतलं सरळ अंतर स्क्रिप्टने सव्वादोन किलोमीटरच्या आसपास द्यायला हवं, आणि स्टेशन वाड्याच्या ईशान्येला हवं. अंतर आणि दिशा दोन्ही बघा. नुसतं अंतर आरशातल्या पणजीलाही बरोबर येतं.

अक्षांश-रेखांशाच्या क्रमाचा घोळ याचाच भाऊ. जिओजेसनचं प्रमाण, २०१६ चं आरएफसी ७९४६, आधी रेखांश सांगतं. बोलण्यात आणि बहुतेक नकाशांच्या ॲपमध्ये आधी अक्षांश येतो. पायप्रोज ईपीएसजी ४३२६ साठी (ईपीएसजी म्हणजे नकाशा-पद्धतींचे ठरलेले क्रमांक; ४३२६ ही अक्षांश-रेखांशाची पद्धत) आधी अक्षांश धरतं. ‘ऑलवेज एक्सवाय’ खरं केलं तरच रेखांश आधी घेतं. क्रम उलटला तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जातं, आणि कंपोनंट राखाडीच राहतो. आपल्याकडे हे ओळखणं सोपं आहे: महाराष्ट्राचा अक्षांश १५ ते २२, रेखांश ७२ ते ८१, दोन्ही कधी एकमेकांत मिसळत नाहीत. पहिला आकडा सत्तरीच्या पुढे असेल तर तो रेखांश.

यूटीएमचा झोनही तपासा. ७८ अंश रेखांशावर झोन बदलतो. मुंबई, पुणे, सोलापूर, अमरावती ४३ मध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये, ३२६४४. नागपूरची एक फाइल ४३ मध्ये आणि दुसरी ४४ मध्ये असली तर दोन थर सहाशे किलोमीटरहून जास्त लांब पडतात.

यूटीएममध्ये बदलल्यावर लगेच मूळ बिंदू वजा करा. पुण्याचा पूर्वांक (पूर्वेकडचं अंतर, मीटरमध्ये) साधारण ३,७९,००० आणि उत्तरांक (उत्तरेकडचं) २०,४८,००० येतो. स्क्रीनवरचे मेश (पृष्ठभागांची जाळी) सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे कमी अचूक आकड्यांत, दाखवले जातात, आणि वीस लाखांच्या आकड्याला तिथे सगळ्यात लहान पायरी ०.१२५ मीटरची असते. भिंती थरथरतात, कडा दातेरी होतात, ते यामुळे. वजाबाकी पायथनमध्येच, पॉइंट बनवण्यापूर्वी करा. मागून मूव्ह कंपोनंट लावण्यात तथ्य नाही. आणि वजा केलेले दोन आकडे वेगळ्या आउटपुटने बाहेर काढून फाइलमध्ये ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसरा थर बसवता येणार नाही.

आता दुसरा राखाडी सापळा, उंचीचा. इमारतींचे आकार एका आउटपुटवर, उंची दुसऱ्यावर. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात उंची हा मजकूर असतो. कुठे ‘१२’, कुठे ‘१२ मी’, कुठे काहीच नाही. ‘१२ मी’चा फ्लोट (दशांश आकडा) करताना एरर येते. मग कुणीतरी ट्राय लावून एक्सेप्टमध्ये पास लिहितं आणि स्क्रिप्ट ‘चालायला’ लागते. हा पास माझ्या मते गुन्हा आहे. त्या इमारतीची उंची यादीत गेलीच नाही, म्हणून पुढच्या प्रत्येक इमारतीला शेजारच्या इमारतीची उंची मिळते. यादी एकने कमी पडली तरी ग्रासहॉपर थांबत नाही, तो शेवटचा आकडा पुन्हा वापरतो. हाच घोळ मल्टिपॉलिगॉननेही होतो: एका नोंदीतून दोन आकार, पण उंची एकच. भूमिती रिकामी असलेली नोंदही तशीच. उपाय असा की एका नोंदीला ग्रासहॉपरच्या डेटा ट्रीची एक शाखा (स्वतंत्र उपयादी) द्या, आणि आकार, उंची, ओळख क्रमांक तिन्ही एकाच लूपमध्ये, एकाच ठिकाणी जोडा. उंची वाचता आली नाही तर उणे एक घाला, पण जागा सोडू नका. नुसती यादीतली यादी बाहेर दिली तर आयर्नपायथनच्या कंपोनंटला जोडलेल्या पॅनेलमध्ये आकड्यांऐवजी यादीच्या प्रकाराचं नाव दिसतं; त्यासाठी जीएचपायथनलिबच्या ट्रीहेल्पर्समधलं लिस्ट-टू-ट्री वापरा आणि पॅराम व्ह्यूअर लावून शाखा मोजा. शाखा आणि नोंदी सारख्या हव्यात.

नकाशावर आरपार तिरक्या रेषा दिसल्या तर डेटा फाटलेला नाही. शेपफाइलच्या (नकाशाच्या डेटाच्या आणखी एका फाइल-प्रकाराच्या) एका आकाराचे अनेक भाग तुम्ही एकाच पॉलीलाइनमध्ये ओवलेत. ‘पार्ट्स’मध्ये प्रत्येक भाग कुठे सुरू होतो तो क्रमांक असतो, तिथे तोडा.

मराठी गावांची नावं शेपफाइलमधून अर्धवट येतात, त्याचं कारण डीबीएफ, म्हणजे शेपफाइलसोबत येणारी तक्त्याची फाइल. रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजली जाते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या धरून. वीस बाइटच्या रकान्यात सहा चिन्हं मावतात, सातवं मधेच तुटतं आणि वाचताना डीकोडची एरर येते. ती स्क्रिप्टमध्ये सुधारत नाही, फाइल जिओपॅकेज किंवा जिओजेसनमध्ये पुन्हा काढून घ्या.

चढ-उतारासाठी एसआरटीएमची (अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीची) एचजीटी फाइल वाचत असाल तर पुण्याच्या फाइलचं नाव एन१८ई०७३, आणि एक सेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) जाळीत ३६०१ गुणिले ३६०१ आकडे असतात. ते बिग-एंडियन आहेत, म्हणजे आकड्याच्या दोन बाइटांपैकी मोठा बाइट आधी. बाइट उलटे वाचले तर ५६० मीटरची जमीन १२,२९० मीटर होते. मेशमध्ये अचानक खोल विहीर दिसली तर तो उणे ३२,७६८ आहे, म्हणजे तिथे मोजमापच नाही. ओळी उत्तरेकडून सुरू होतात, फाइलचं नाव मात्र नैर्ऋत्य कोपऱ्याचं.

काही सवयी, क्रम न लावता. इनपुटवर राइट क्लिक करून आयटम, लिस्ट की ट्री ॲक्सेस ते बघा. आयटम असताना ४००० क्रमांकांची यादी जोडली तर स्क्रिप्ट ४००० वेळा चालते आणि तेवढ्या वेळा फाइल उघडते. प्रोफाइलर विजेट चालू ठेवा, मिलिसेकंदांवरून हे लगेच कळतं. विंडोजमधून ‘कॉपी ॲज पाथ’ केलं की अवतरणचिन्हंही येतात, ती काढा. डिस्कवरची फाइल बदलली तरी स्क्रिप्ट आपोआप पुन्हा चालेल असं धरू नका, एफ५ दाबा. स्टिकीमध्ये (दोन धावांमध्ये टिकून राहणाऱ्या साठ्यात) डेटा साठवला असेल तर एफ५ नेही जुनाच येतो.

हेरॉन, एल्क ही नकाशाचा डेटा आणणारी तयार प्लगिन वापरू नका असं म्हणत नाही. एकदा शंभर ओळींचा वाचक स्वतः लिहा, मग प्लगिन घ्या, म्हणजे ते मूळ बिंदू कुठे ठेवतंय हे विचारायचं तुम्हाला सुचेल. आणि माउस हातातून काढून घेऊन दुरुस्ती करून देणारा सीनियर टाळा. पॅनेल कुठे लावायचं ते सांगणारा शोधा.

मदत मागताना स्क्रीनशॉट पाठवून काही होत नाही. फाइलमधल्या तीनच नोंदी ठेवा: एक बरोबर येणारी, एक चुकणारी, एक मल्टिपॉलिगॉन. भूमितीचे इनपुट इंटर्नलाइज करा (ग्रासहॉपरच्या फाइलमध्येच साठवा), वाचायची छोटी फाइल सोबत जोडा, रायनोची आवृत्ती, युनिट आणि टॉलरन्स लिहा, आणि त्या चुकणाऱ्या नोंदीच्या पहिल्या कोपऱ्याचे आकडे द्या: फाइलमधले, बदलल्यानंतरचे आणि अपेक्षित असलेले.