मूड डाऊन असला की वेफर्स फोडू नका, कुळथाची पिठी टाका

आमच्याकडे जुलै म्हणजे आठ-आठ दिवस ऊन नाही, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून ताजा मासा पण नाही, आणि अशात मन कुंद झालं की हात आपोआप डब्याकडे जातो. मागच्या पावसात फणसाच्या वेफर्सचं अख्खं पाकीट मी पडल्यापडल्या संपवलं, चव विचाराल तर आठवत नाही.

तर आधी स्वतःला विचारा, आत्ता कोणी पेज दिली तर खाशील? हो आलं तर खरी भूक. नाही, वेफर्सच पाहिजेत, तर मनाची. मनाची असली तरी खा, फक्त बनवून खा.

कुळथाची पिठी सगळ्यात सोपी. दोन मोठे चमचे पीठ दोन वाट्या थंड पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात टाकलंत तर गुठळ्याच गुठळ्या. टोपात खोबरेल तेल, त्यात पाच-सहा लसणी सालासकट ठेचून, लाल झाल्या की एक मिरची, मग कालवलेलं पीठ, दोन-तीन आमसुलं, मीठ. आता ढवळत रहायचं, थांबलात की बुडाला लागते. त्या सात-आठ मिनिटांत मोबाईल हातात घेता येत नाही आणि मला वाटतं निम्मं काम तिथेच होतं. बुडबुडे जड होऊन फट् फट् उडायला लागले की झाली.

मऊ भात, वर पिठी, बाजूला भाजलेला सुका बांगडा (शेजारी वास जाणार, जाऊ दे). एक वाटी खाऊन थांबा, पोट भरल्याचं डोक्याला कळायला वीसेक मिनिटं लागतात. गोड हवंच असेल तर पोहे, गूळ, ओलं खोबरं.

आणि एखाद्या दिवशी जास्त खाल्लंच तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका, रात्री दुप्पट हल्ला होतो, अनुभव आहे. दोन आठवडे झाले तरी मन उठत नसेल, जेवणच जात नसेल किंवा खाणं थांबतच नसेल, तर मात्र पिठीच्या भरवशावर राहू नका, १४४१६ ला फोन करा, सरकारची टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, फ्री आहे, मराठीत बोलता येतं.

उरलेली पिठी सकाळी घट्ट होते, गरम पाणी घालून सारखी करा, आंबोळीबरोबर मस्त लागते.