पाचव्या महिन्याची सोनोग्राफी: जाण्याआधी

खानापूर किंवा निपाणीकडून बेळगावला सोनोग्राफीला निघताना तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी नोंदणी कार्ड), आधार कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे रिपोर्ट एकाच पिशवीत घाला. एखादा कागद राहिला की पोटुशीला उगीच हेलपाटा पडतो. शेवटच्या पाळीची तारीखही लिहून न्या, आठवडे तिच्यापासूनच मोजतात.

सगळ्यात सविस्तर तपासणी साधारण 18 ते 20 आठवड्यांची. पोटावर गार जेल लावतात, दुखत नाही, आणि यात एक्स-रेसारखे किरण नसतात. बाळाचं डोकं, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, हातपाय, वार (नाळ जिला जोडलेली असते ती, म्हणजे प्लासेंटा), गर्भजल असं एकेक बघत अर्धा तास सहज जातो. डॉक्टर गप्प असतील तर घाबरू नका, ते मापं घेत असतात. बाळ पाठ करून झोपलं असेल तर थोडं चालून यायला सांगतात. लघवी धरून ठेवायची का, हे आधीच फोनवर विचारा.

मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नका. 1994 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. सोबत येणाऱ्या सासूबाईंनाही घरूनच सांगून ठेवा.

रिपोर्ट बहुधा इंग्रजीत असतो. ‘मला मराठीत समजावून सांगा’ म्हणायला अजिबात संकोचू नका. ‘वार खाली आहे’ असं कळलं तर धास्ती नको. बहुतेकींची वार पुढे वर सरकते, म्हणून 32 आठवड्यांच्या सुमारास पुन्हा बघतात. मध्येच रक्त गेलं, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठा.