पोतोसीचा डोंगर हळदीत बुडाला तेव्हा

चित्रकलेच्या इंटरमीजिएटला ए ग्रेड, मग ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, मग शिक्षकभरतीची वाट. भरती काही निघेना, म्हणून मी जुन्या चित्रांच्या प्रतिकृती रंगवण्याकडे वळले. तुमच्यातले बरेच जण याच वाटेने येतील. ग्रीड कसं आखायचं, कॅनव्हासला प्रायमरचे किती हात द्यायचे, हे सांगत बसत नाही. ज्या गोष्टीपायी माझा दीड महिना पाण्यात गेला, तेवढीच सांगते.

पहिली मोठी ऑर्डर पुण्याच्या एका मध्यस्थाकडून आली. गिऱ्हाइकाला वसाहतकाळातल्या खाणींची जुनी चित्रं हाताने रंगवून हवी होती. पहिलंच चित्र गास्पार मिगेल दे बेर्रीओ या चित्रकाराचं, 1758 सालचं. आजच्या बोलिव्हियातलं पोतोसी शहर आणि त्याच्या डोक्यावर सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. 1545 मध्ये तिथे चांदी सापडली आणि स्पेनची तिजोरी भरू लागली. चित्रात दाटीवाटीने घरं, उंचावर बांधलेले तलाव, तिथून उतरणारं पाणी आणि त्या पाण्यावर चालणाऱ्या खनिज कुटायच्या गिरण्या.

हे सगळं मला नंतर कळलं. मी फोनवरच्या एका फोटोवरून सुरुवात केली. दिवसा शिकवण्या, त्यामुळे काम रात्री, साध्या पिवळ्या बल्बखाली. फोनमध्ये डोळ्यांना त्रास नको म्हणून संध्याकाळनंतर पडदा पिवळसर करणारी सोय चालू होती. मूळ फोटोही पिवळटच. म्हणजे पिवळ्यावर पिवळं, त्यावर आणखी पिवळं. मी इमानेइतबारे यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा रंग, घोटत राहिले. तलावातून येणारं पाणी मला मातीचा रस्ता वाटलं, आणि मी त्याला रस्ताच करून टाकलं. सकाळी कॅनव्हास अंगणात नेला तर अख्खं पोतोसी हळदीला बसल्यासारखं. मध्यस्थाने माल परत पाठवला आणि आगाऊ दिलेले पैसेही मागून घेतले.

लाज अशी वाटली की मी अजिंठ्याला चार-पाच वेळा जाऊन आलेली मुलगी. तिथल्या चित्रांवर 1920 ते 1922 मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेच्या व्हार्निशचा हात दिला होता, तो पुढे पिवळा पडला, हे मी परीक्षेत लिहिलंय! तरी डोळ्यांसमोरचा पिवळा रंग चित्रकाराचाच, असं धरून चालले.

तेव्हा नीट ऐका. ब्रश हातात घेण्याआधी चित्रात पांढऱ्या असायला हव्यात अशा चार-पाच जागा शोधा. कुणाची कॉलर, चर्चची भिंत, ढगाची कड, घोड्याचं कपाळ. त्या सगळ्या सारख्याच पिवळ्या दिसल्या तर तो पिवळा चित्रकाराचा नाही. तो व्हार्निशचा, कॅमेऱ्याचा नाहीतर तुमच्या बल्बचा. एक पिवळी आणि बाकीच्या स्वच्छ असतील, तर ती चित्रकाराने मुद्दाम केली आहे, तिला हात लावू नका. मग संग्रहालयाने स्वतः दिलेला फोटो मिळवा, आणखी दोन वेगळे फोटो शेजारी ठेवा. फोनची ती सोय बंद करा. रंग दिवसाच मिसळा, उत्तरेच्या खिडकीपाशी. आणि उलटं टोकही गाठू नका. त्याच चित्राच्या दुसऱ्या प्रयत्नात मी घाबरून सगळंच पांढरंफटक केलं होतं, ते तर त्याहून भिकार दिसत होतं. त्या काळात बरेच चित्रकार कॅनव्हासवर आधी लालसर-तपकिरी अस्तर देत, ती ऊब राहायलाच हवी.

गुरूबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. कॉलेजात मला रंगाचं चक्र शिकवलं, पण रंग बघायला शिकवलं ते आमच्या गावातल्या पेंटरकाकांनी. फ्लेक्स येण्याआधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. माझा कॅनव्हास बघून एवढंच म्हणाले, "पोरी, बल्ब काढ आधी." कॅनव्हासवर प्रिंट मारून वरून ब्रश फिरवायचा आणि हाताने रंगवलेलं म्हणून विकायचं, हा धंदा करणारे खूप आहेत. करू नका. पैसा लवकर येतो आणि हात कायमचा जातो.

दुसरं काम थिओडोर द ब्री या सोळाव्या शतकातल्या युरोपीय कोरीवकाराच्या पोतोसीच्या चित्राचं. हे मुळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलेलं चित्र. नेटवर रंगीत दिसतात त्या प्रतींवरचे रंग नंतर हाताने भरलेले, म्हणून कोणती प्रत हवी ते गिऱ्हाइकाला आधीच विचारा. द ब्री अमेरिकेला कधी गेलाच नव्हता. त्यामुळे डोंगराच्या पोटात शिडीवर चढणारे मजूर युरोपातल्या पुतळ्यांसारखे, पिळदार. माझी माय बीडहून ऊसतोडीला जायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची. ओझ्याखाली मान कशी बसते ते मला ठाऊक आहे, आणि या चित्रात ती तशी बसलेली नाही. मला ती दुरुस्त करायची फार खुमखुमी आली. केली नाही. प्रतिकृतीत त्याची चूकही त्याचीच राहू द्यायची. मिता नावाच्या सक्तीच्या मजुरीच्या पद्धतीत गावागावांतल्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी तिथे जुंपला जायचा, हे मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "मग उचल किती देत होते?"

हे चित्र पास झालं. तुमचंही होईल, पहिलं नाही तर तिसरं. मूळ मापापेक्षा आकार लहान किंवा मोठा ठेवा. पॅरिसच्या लूव्रमध्ये बसून नक्कल करणाऱ्यांनाही मूळ मापाची प्रत करू देत नाहीत. मूळ सही उतरवू नका. मागच्या बाजूला 'प्रतिकृती', स्वतःचं नाव आणि साल पक्क्या शाईने लिहा, मध्यस्थ नको म्हणाला तरी. माझ्याकडचं हळदीचं पोतोसी अजून कपाटामागे आहे. त्याच्याही मागे लिहिलंय.