व्हिक्टोरियन लंडनमध्ये निसर्गचित्र लिलावात कसं विकायचं

समजा साल १८७२ आहे आणि तुमच्याकडे टर्नर किंवा डेव्हिड कॉक्स या इंग्रज निसर्गचित्रकारांपैकी कुणाचं चित्र आहे, तर सरळ किंग स्ट्रीटवरच्या क्रिस्टीज या लिलावगृहाकडे जा, ते १८२३ पासून तिथेच आहेत. घाई करून हिवाळ्यात काढू नका, वसंतातला सीझन येऊ द्या, तेव्हा पैसेवाली मंडळी लंडनात असतात आणि मोठे चित्रलिलाव शनिवारी होतात.

आधी चित्राचा इतिहास गोळा करा, कुणाकडून घेतलं, रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात कुठल्या वर्षी लागलं होतं, हे कॅटलॉगमध्ये छापून यायलाच हवं कारण कॉन्स्टेबल (हाही निसर्गचित्रकारच) आणि कॉक्सच्या नकला बाजारात भरपूर आहेत. मालक कोण यानेही भाव चढतो बरं का, पेनाच्या निबांवर श्रीमंत झालेल्या बर्मिंगहॅमच्या जोसेफ गिलॉटचा संग्रह याच वर्षी विकला गेला आणि एकूण दीड लाख पौंडांच्या वर गेला!

रिझर्व्ह भाव, म्हणजे ज्याच्या खाली चित्र विकायचं नाही तो भाव, मात्र नक्की ठरवा, पण अव्वाच्या सव्वा नको. बोली तिथवर पोचली नाही तर चित्र परत घरी येतं आणि डीलर लोक ते लक्षात ठेवतात, मग पुढच्या वेळी कुणी हात वर करत नाही. ॲग्न्यूजसारखे डीलर आधी येऊन बघून जातील असं बघा, खोलीत खरी चुरस तेच लावतात.

आणि हिशोब गिनीत होतो, म्हणजे २१ शिलिंग (पौंडात २०), ५०० गिनी म्हणजे ५२५ पौंड.